रेघेच्या उत्तरेला

नाही नाही, भाषा छान आहे. भाषेबद्दल माझं काहीच म्हणणं नाही — माझ्याकडे कशाला आणलंस तपासायला तेच कळत नाही — म्हणजे कळतं, मामा प्रोफेसर होता, एकदा नजर फिरवून घ्यावी, घरात एवढा शिकलेला दुसरा कोण — बस ना, कोट काढ आधी, मे महिना लागला तरी तुझ्या नाकाचा शेंडा लाल झालाय. कॉफी ठेवली होती मी. शेगडी बंद केली का गं? बघ जरा, लाल दिवा दिसतोय का तिकडे? नाही ना? बरं. आजकाल तीन-तीनदा बघतो. तर हा कागद. गुरुवारी चर्चच्या हॉलमधल्या सभेत वाचणार तू, सगळ्यांसमोर. ‘मी दार्का, ओस्तापची मुलगी.’ उत्तम. ‘आपल्या माणसांच्या कबरींचं जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं.’ हेही ठीक. पुढे — ‘माझ्या वडिलांनी दोन हजार एक सालच्या नोव्हेंबरात स्वतःच्या हातांनी कुंपण कापलं आणि आमची चौसष्ट रानडुकरं मोकळी सोडली. आज आपल्याकडे जी डुकरं फिरतात ती त्यांचीच. वडील आता नाहीत. त्यांच्या वतीने मी माफी मागते.’ हं. चांगलं लिहिलंयस. साधं, सरळ. फक्त ती चौसष्ट नव्हती. एकसष्ट होती.

असं काय बघतेस? एकसष्ट म्हणालो, त्यात काय एवढं. ओस्तापच बोलला असेल कधीतरी. तुझे बाबा सांगायचे ना आकडे — नाही सांगायचे? हो, तेही खरंच, त्यांना आकड्यांचं वावडं होतं, ‘दहा-बारा’, ‘पन्नासेक’, ‘गाडीभर’. मग मीच कुठे वाचलं असेल. जाऊ दे, चौसष्ट राहू दे. लोकांना काय, तीन इकडे की तीन तिकडे. पण नाही — खोटं कशाला लिहायचं, हो ना? माफीच मागायची म्हटल्यावर — साखर घे. दोन घेतेस ना तू? का ती आपली स्लावका दोन घ्यायची? हो, तुझी आईच दोन घ्यायची. बरोबर.

मी सोमवारी गेलो होतो कबरस्तानात. तू नव्हतीस, तू मंगळवारी गेलीस, मला फादरांनी फोन केला होता. काय बघितलं मी — काय सांगू. रविवारी सगळं किती नीट झालं होतं. फादर कबरी-कबरीवर पाणी शिंपडत गेले, मागे आपण सगळे, वारा असा की मेणबत्ती टिकेना, तरी प्रत्येकाने आपापल्या माणसापाशी पास्काचा, ईस्टरच्या गोड पावाचा, तुकडा ठेवला, लाल अंडी ठेवली, कुणी मधातले गहू ठेवले, आणि मग हॉलमध्ये जेवायला गेलो. दरवर्षीसारखं. माझी आई ठेवायची, तिची आई ठेवायची. आणि सोमवारी सकाळी बघतो तर पूर्ण दक्षिणेकडची बाजू नांगरलेली. अंड्याचं एक टरफल शिल्लक नाही. गवताचे गालिचे उलटे करून टाकलेले, मेल्निचुकांच्या आजीचा दगड आडवा, आणि ओस्ताप-स्लावकाच्या कबरीवर तर — गुडघाभर खड्डा. एवढी थंडी पडून गेलेली, जमीन नुकती मऊ झालेली, वर अंडी आणि गोड पाव. आपणच वाढून ठेवलं त्यांना, दार्का. ताट मांडून ठेवलं. मी तिथे उभा राहून काय विचार करत होतो माहितीये? मला लाज वाटायला हवी सांगायला — मी खुरांचे ठसे मोजत होतो. सवय. एक मोठी मादी, दोन वर्षांच्या तीन-चार, आणि पिल्लं अकरा-बारा. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या बहिणीच्या कबरीपाशी हे सुचतं.

आणि मग तो मेल्निचुक तुला दुकानात, पोस्टाच्या रांगेत, सगळ्यांदेखत म्हणाला — हो, मला कळलं, इथे सगळं कळतं — ‘काय दार्का, पोरं बापाला भेटायला आली म्हणे ईस्टरला.’ आणि लोक हसले. आणि तू घरी जाऊन हा कागद लिहिलास. तुला वाटलं असेल एकदाचं संपवून टाकावं. मला समजतं. मी तुझ्या जागी असतो तर — नाही, मी तुझ्या जागी असतो तर काहीच केलं नसतं, मी घरी बसून शेगडी बंद आहे का बघत राहिलो असतो.

वीस वर्षं ऐकत आला गं ओस्ताप. तू तेव्हा एडमंटनला, तुझी नोकरी, तुला ठाऊक नाही ते कॉफीचं टेबल. सकाळी नऊला सगळे म्हातारे जमणार, आणि ओस्ताप आत आला की सुरू. ‘ओस्ताप, तुझी मुलं काल माझ्या शेतात जेवून गेली, बिल कुठे पाठवू?’ ‘ओस्ताप, तुझ्या पोरीने माझ्या कुत्र्याला फाडलं, तिला दोन शब्द सुनाव की.’ आणि तो काय म्हणायचा? ‘पाठव बिल.’ एवढंच. टोपी काढून बाजूच्या खुर्चीवर ठेवायची, आणि ‘पाठव बिल.’ मी बसलेलो असायचो तिथे. उन्हाळ्यात यायचो तेव्हा, आणि रिटायर झाल्यावर तर रोजच. शेजारच्या खुर्चीवर. ज्या खुर्चीवर टोपी नसायची त्या खुर्चीवर. मी काय करत होतो? कॉफी ढवळत होतो. काळी कॉफी, दार्का, मी साखर घेत नाही.

त्या रेघेबद्दल माहितीये ना तुला? माझी रेघ. तुझ्या लहानपणी गंमत होती घरात, ‘मामाची रेघ’. चौऱ्याण्णव साली काढली मी. तेव्हा सगळीकडे नवं खूळ — गहू सोडा, रानडुकरं पाळा, युरोपातून आणा, मांसाला मागणी आहे. तुझ्या बाबांनीही आणली बारा. आणि एका समितीने मला विचारलं, की ही जनावरं सुटली तर? मी विद्यापीठात, मी या विषयातला माणूस, माझ्या नावापुढे एवढी अक्षरं — मी नकाशा पुढे ओढला आणि आपल्या सस्कॅचेवान प्रांताच्या खालच्या कडेने लाल पेन्सिलीने रेघ मारली. या रेघेच्या उत्तरेला रानडुक्कर हिवाळा काढू शकत नाही. चाळीस पानं लिहिली त्यावर. कारणं दोन. एक थंडी. डुकराचे पाय आखूड, बर्फ पोटाला टेकला की ते चालत नाही, ढकलतं, आणि ढकलण्यात जेवढी ताकद जाते तेवढं खायला मिळालं पाहिजे. पिल्लं तर पहिल्याच रात्री गोठणार. आणि दुसरं खाणं. जमीन पाच महिने दगडासारखी, नाक खुपसणार कुठे? ओकची फळं नाहीत आपल्याकडे, चेस्टनट नाही, मुळं नाहीत. माझ्या तक्त्यात एक रकाना होता, ‘हिवाळ्यातलं अन्न’. त्यात मी एकच शब्द लिहिला. नगण्य.

हसू नकोस. हसत नाहीयेस, बरोबर. मीच म्हणतोय. तू त्याच शेतावर राहतेस, तू सांग — आपण काय करतो सप्टेंबरात? जव कापतो आणि ओळीत तसाच पाडून ठेवतो. उचलत नाही. बर्फ पडतो वर, आणि गाई हिवाळाभर नाकाने बर्फ बाजूला सारून त्या ओळी खातात. माझे वडील करायचे. मी स्वतः, दहा वर्षांचा असताना, त्या ओळींवरून चालत शाळेत जायचो, बर्फाखाली काडं पायाला लागायची, करकर वाजायची. मला ठाऊक होतं! एका शेतात चारशे गाईंचं जेवण बर्फाखाली झाकून ठेवलेलं असतं हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. आणि कोठारांच्या खाली सांडलेला गहू, आणि वाळल्या गवताच्या गठड्या, आणि कापायचा राहून गेलेला मका. मग का नाही लिहिलं? कारण ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. कुणाचा आधार देणार? ‘लेखकाच्या वडिलांचं शेत’ असा आधार देणार? मला लाज वाटली. चाळिशी उलटलेला, तीन पदव्यांचा माणूस, पण त्या परिषदांमध्ये बसलं की मला नेहमी वाटायचं कुणीतरी येऊन माझ्या बुटाला लागलेलं शेण बघणार. म्हणून मी शेत पुसून टाकलं नकाशावरून. जंगल ठेवलं, बर्फ ठेवला, तापमान ठेवलं. माणसं नाहीत, जव नाही. रिकामा पांढरा माळ. त्या माळावर खरंच काही जगलं नसतं, तेवढं मात्र खरं आहे.

नाही, हे लिहायची गरज नाही कागदात. हे मी असंच बोलतोय. तू तुझं — हं? एकसष्ट? सोड ना ते.

तू अगदी तुझ्या बापावर गेलीस. तोही असाच गप्प बसायचा समोरच्याने बोलेपर्यंत.

बरं, ऐक. दोन हजार एक. डुकरं कुणी घेईना. शेजारच्या चौघांनी आपापली सोडली, कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी बघितलं. म्हणजे एकट्या ओस्तापची नाहीत ती, हेही लिही, हे नक्की लिही — पण लोकांना एक नाव लागतं. ओस्तापने मला फोन केला, ऑक्टोबरात. ‘झेन्को, मी गोळ्या घालणार. एकेक करून. आठवडा लागेल.’ त्याचा आवाज — तुला माहितीये तो कोंबडी कापायची झाली तरी स्लावकाला हाक मारायचा. आणि मी म्हणालो — इथे मी काय म्हणालो ते मला अगदी शब्दांसकट आठवतं, औषधाच्या गोळ्या घेतल्या की नाही ते आठवत नाही पण हे आठवतं — मी म्हणालो, ‘गोळ्या वाया घालवू नकोस. सोडून दे. आपल्या जानेवारीतल्या नाताळापर्यंत एक उरणार नाही. हिवाळा फुकट काम करतो.’

आणि तो काय म्हणाला? हे कुणाला ठाऊक नाही. तो म्हणाला, ‘मला नाही वाटत, झेन्को. ही उणे चाळीसला माझ्या पेंढ्यात शिरून झोपतात. सकाळी मी हात घालून बघतो ना, भट्टीतल्या पावासारखी गरम असतात.’ सातवी शिकलेला माणूस. त्याने हात घालून बघितलं होतं! आणि मी त्याला समजावलं, हळू आवाजात, जसं पहिल्या वर्षाच्या मुलांना समजावतात — ‘ओस्ताप, पेंढा तू घालतोस. माळावर पेंढा कोण घालणार?’ तो म्हणाला, ‘ते तू जाणे. शिकलेला तू.’

मला ती मोकळी हवी होती, दार्का.

पाणी देतेस? नको, राहू दे, कॉफी आहे. हो. हवी होती. आता तोंडातून गेलंच आहे. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात विनिपेगला परिषद होती. मी माझी रेघ दाखवली, टाळ्या पडल्या, आणि मागून एक बाई उठली. टेक्सासची, अंगाने जाडजूड, उन्हाने रापलेली, पायात गुरं राखणाऱ्याचे बूट, तिला कुणी शेण बघेल याची भीती नव्हती. म्हणाली, ‘आमच्याकडे त्यांना पाणी अडवतं. उन्हाळ्यात ओढे आटले की ती नदीकाठ सोडत नाहीत. ज्या साली ओकची फळं पडत नाहीत त्या साली पिल्लं कमी. हे मी बघून सांगते. थंडीचं मला काही माहीत नाही. पण प्रोफेसर, तुम्ही थंडीने मेलेलं एक तरी डुक्कर बघितलंय का?’ बस. एवढंच. आणि सगळे हसले, वाईट नाही हसले, असंच हसले. मी म्हणालो, ‘गणितावरून दिसतं.’ ती म्हणाली, ‘हो, गणितावरून मीही बारीक आहे,’ आणि खाली बसली. दोन महिने मला झोप नाही. कारण मी बघितलं नव्हतं. एकही नाही. आणि मग ओस्तापचा फोन येतो की माझ्याकडे साठ-एक डुकरं आहेत आणि मी ती मारून टाकणार आहे. कुठलं विद्यापीठ मला देणार होतं साठ डुकरं बर्फात सोडायला? कोण परवानगी देणार होतं?

एकसष्ट. मी स्वतः बिल्ले मारले त्यांच्या कानात. पिवळे बिल्ले, आकडे घातलेले, एक ते एकसष्ट. तीन दिवस लागले. ओस्ताप एकेकीला दाबून धरायचा आणि मी बिल्ला मारायचो. त्याने विचारलं, ‘मरणारच आहेत तर बिल्ले कशाला?’ मी म्हणालो, ‘मोजायला.’ आणि त्याने पुढचीला धरलं. त्याला तेव्हाच कळलं असावं. त्याला कळायचं सगळं, फक्त बोलायचा नाही.

शनिवार होता. दुपारचे दोन. ऊन पडलेलं, बर्फ अजून नव्हता, नुसती गारठलेली पिवळी काडं. पक्कड त्याच्या हातात होती. तो जाळीपाशी उभा राहिला, उभाच राहिला. म्हणाला, ‘झेन्को, अजून सांगतो, मी गोळ्या घालतो.’ मी त्याच्या हातातून पक्कड घेतली. हा बघ, याच हाताने. सात तारा. शेवटची तुटली तेव्हा सुटून माझ्या गालावर लागली, ही खूण — तुला लहानपणी नाही, नंतर, मी सांगितलं होतं दाढी करताना लागलं. दाढी करताना इतकं लागतं का कुणाला? तू विचारलं नाहीस. कुणीच विचारलं नाही.

आणि ती जाईनात. हे मी कधी कुणाला — ती जाईचनात, दार्का. जाळीला एवढं भगदाड, आणि ती एकसष्ट जणं आत उभी, आमच्याकडे बघतायत. त्यांची जेवायची वेळ झाली होती. ती ओस्तापच्या बादलीची वाट बघत होती. ओस्ताप माझ्याकडे बघून म्हणाला, ‘बघ, त्यांना नाही जायचं.’ त्याच्या आवाजात जरा — जरा बरं वाटल्यासारखं होतं. आणि मी बादली उचलली. जव भरला तिच्यात, आणि मुठी-मुठीने टाकत टाकत भगदाडातून बाहेर, काडांवरून, थेट तळ्यापर्यंत चालत गेलो. आणि ती आली माझ्यामागे. रांगेने. पिवळे बिल्ले हलवत. मी मागे वळून बघितलं तर ओस्ताप तिथेच, कुंपणाच्या आत एकटा उभा.

मी पुढे चाललो होतो, बादली घेऊन.

थांब, मला संपवू दे, मग काय म्हणायचं ते म्हण. जानेवारीत आलो. उणे अडतीस. मला मेलेली बघायची होती, फोटो काढायचे होते, त्या बाईला पाठवायचे होते — मी पाकिटावर तिचा पत्ता सुद्धा लिहून ठेवला होता. पायांना बर्फावर चालायच्या चपट्या फळ्या बांधून दिवसभर फिरलो. एकही नाही. एक हाड नाही, एक कावळा नाही. आणि दुपारी त्या तळ्यापाशी आलो. तळं गोठलेलं, पाणकणसं वाळून उभी, वर बर्फाची टोपी. आणि त्यातून धूर निघत होता. सरळ वर, बारीक, जसा घराच्या धुराड्यातून निघतो. मला वाटलं कुणी माणूस आहे आत. मी जवळ गेलो, वाकलो. पाणकणसं तोडून, ओढून आणून, ढीग करून त्याच्यात शिरली होती ती. वर बर्फ, खाली कापसासारखी कणसं फुटलेली. पेंढा कोण घालणार, म्हणालो होतो ना मी? त्यांनी स्वतः घातला होता. मी हातमोजा काढला. काढला आणि हात आत घातला. का घातला माहीत नाही. ओस्तापने घातला होता म्हणून असेल. आणि गरम होतं, दार्का. इतकं गरम होतं की मला तिथे आत जाऊन झोपावंसं वाटलं. एक कान दिसला, पिवळा बिल्ला, सतरा नंबर. तिच्या पोटाशी पिल्लं, गोठलेली नाहीत, चुळबुळतायत. आणि त्या ढिगापासून एक वाट निघाली होती बर्फातून, रुळासारखी सरळ, तुडवून तुडवून कडक झालेली — थेट ओस्तापच्या जवाच्या ओळींपर्यंत. नगण्य.

मी घरी गेलो. म्हणजे तुमच्या घरी. स्लावकाने सूप वाढलं. ओस्तापने विचारलं, ‘काय?’ मी म्हणालो, ‘मेली.’ हो. असं म्हणालो मी. ‘बहुतेक सगळी मेली, मी बघितली.’ त्याच्या स्वतःच्या शेतातला जव रोज कमी होत होता. त्याला रोज खुरं दिसत होती. आणि त्याने पावाचा तुकडा मोडला, सुपात बुडवला, आणि म्हणाला, ‘बरं झालं. तू म्हणतोस तर मेली.’ स्लावकाने माझ्याकडे बघितलं. त्यानंतर तिने मला नाताळात खसखशीचा रोल कधी पाठवला नाही. दरवर्षी पाठवायची. मी कधी विचारलं नाही का.

आणि खरं वाईट ते नाही. कुंपण नाही, बादली नाही. खरं वाईट पुढे आहे. त्या साली ती फार नव्हती. माझी, शेजाऱ्यांची सगळी मिळून दोनशे धर. सगळी त्याच दोन-तीन तळ्यांत. दहा माणसं, एक आठवडा, धूर बघायचा आणि जायचं — संपलं असतं. मी एक फोन केला असता तर. पण नकाशावर रेघ होती ना. त्यानंतरही अकरा वर्षं होती. लोक विचारायचे, अहो डुकरं दिसतात, आणि उत्तर मिळायचं, काळजी नको, हिवाळ्यात मरतील, प्रोफेसरांनी लिहून ठेवलंय. मी ते उत्तर छापलेलं वाचायचो. मी फक्त गप्प बसलो. फोटो? फोटो काढला होता. आहे. त्या खणात आहे, पाकिटात, तिच्या पत्त्यासकट. आता ती बाईही नसेल.

आता मला विचारलं ना कुणी, की रेघ कुठे मारायची, तर मला ठाऊक आहे. पण कोण विचारणार, आणि मी तरी कशाला सांगू, मी सांगितलेलं काय खरं — पण ठाऊक आहे. थंडीने ती अडत नाहीत. थंडी पिल्लं मारते थोडी, बर्फ दमवतो, पण अडवत नाही. जिथे शेवटचं धान्याचं कोठार आहे ना उत्तरेला, त्याच्यापुढे नुसते देवदार, तिथे ती थांबतात. आणि खाली दक्षिणेला, जिथे तळी आटलीत आणि कणसं नाहीत शिरायला, तिथे. म्हणजे आपण जिथवर आहोत तिथवर ती. आपल्या ताटाच्या कडेपर्यंत. ही खरी रेघ. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा सांगू शकलो असतो.

तुझे बाबा का नाही बोलले? तेच विचारतेस ना. मीही विचारत होतो. आजारपणात, दवाखान्यात, अर्धं अंग गेलेलं, मी रोज जायचो, तुला वाटायचं मामा किती करतो. मी उशी सरळ करायचो आणि वाट बघायचो, की आता बोलेल, आता शिवी देईल. शब्दच चार उरले होते त्याच्याकडे. आणि एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाला, ‘पाव.’ आठवतं? तू धावत जाऊन आणलास, लोणी लावलंस, त्याने तोंड फिरवलं. तू म्हणालीस, काय होतंय बाबांना कळत नाही. मला कळलं होतं कुठला पाव, भट्टीतला. मी तुला सांगितलं नाही. तू तो पाव मलाच दिलास, आणि मी खाल्ला. — तो का बोलला नाही? एकदा मीच धीर करून म्हटलं होतं त्याला, त्या टेबलावरून उठून गाडीकडे जाताना. म्हटलं, ओस्ताप, सांगून टाक ना एकदा, माझं नाव सांग. तो गाडीची काच खरवडत होता. म्हणाला, ‘आपल्या घरात एकच शिकलेला आहे, झेन्को. त्याचं नाव कशाला घालवायचं? माझ्या नावाचं काय, ते बिलावरच असतं नेहमी.’ आणि मी — मला सुटल्यासारखं वाटलं. मी त्याला धन्यवाद म्हणालो, दार्का.

दे तो कागद. पेन दे. हे असं. ‘माझ्या वडिलांनी’ — खोडलं. ‘माझ्या मामाने, झेनोनने.’ ‘चौसष्ट’ खोडलं, ‘एकसष्ट.’ ‘माझे वडील गोळ्या घालतो म्हणत होते. मामाने ऐकलं नाही.’ अक्षर लागतं का? ‘वडील आता नाहीत’ — हे राहू दे. ‘मामा आहे.’ हे घालू? घालतो. झालं. आता बघ, गुरुवारी तू हे वाच, सावकाश वाच, मेल्निचुककडे बघू नकोस, समोर भिंतीकडे बघ. मी — नाही, मी कुठे येऊ हॉलमध्ये, त्या पायऱ्या, आणि गर्दीत माझी छाती भरून येते, डॉक्टरांनी — तू वाच, तुझा आवाज चांगला आहे, तुझ्या तोंडून लोक ऐकतील. मी वाचलं तर काय होईल, दोन वाक्यांत माझा आवाज जाईल. तूच वाच. वाचशील ना? बोल ना काहीतरी. शिवी दे. तुझ्या बापाने दिली नाही, तू तरी दे.

कोट कशाला घालतेस. कॉफीला हात नाही लावलास. बरं, जा, जा — शेतावर कामं असतील, पेरणीचे दिवस. बटण वरचं लाव, वारा आहे. जा तू. दार नीट ओढ, ते अडकतं जरा —

दार्का, कागद विसरलीस. टेबलावरच राहिला बघ. दार्का?

विसरली नाहीस तू.